अम्मीचे चार सेकंद

माझी मुलगी तिसरीत आहे. जुलै महिन्यात तिच्या शाळेतून एक कागद आला. त्यावर एक झाड छापलेलं होतं आणि झाडावर सात चौकोन. खालच्या चौकोनात मुलीचा फोटो, त्याच्या वर आई-वडिलांचे दोन आणि सगळ्यात वर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे चार. शनिवारपर्यंत चौकोन भरून आणायचे होते. सहा फोटो अर्ध्या तासात जमले. सातवा चौकोन रिकामा राहिला.

"अब्बू, सांगलीच्या दादीचा फोटो कुठाय?"

नाही, म्हणालो. तिला ते पटेना. तिच्या जन्माच्या दिवसापासूनचे तिचे फोटो आमच्या मोबाइलमध्ये आहेत, दात पडल्याचे, रुसून बसल्याचे, झोपेतले. फोटोच नाही असं माणूस असू शकतं, हे तिला कळत नव्हतं. "मग ती कशी दिसायची ते तुला कसं माहीत?" तिनं विचारलं. मी काहीतरी उत्तर देऊन विषय टाळला. खरं उत्तर असं होतं की मलाही आता नीट माहीत नव्हतं.

अम्मी १९९४ साली काविळीनं गेली. मी सात वर्षांचा होतो, आपा बारा वर्षांची. अम्मी-अब्बांच्या निकाहात फोटोग्राफर नव्हता, कारण आमचे दादा जुन्या वळणाचे. घरात तसवीर नको, हा त्यांचा नियम. रेशनकार्डाला फोटो लागत नसे. हजला जाण्याची ऐपत नव्हती, त्यामुळे पासपोर्ट नाही. शेषन साहेबांच्या काळात मतदारांना फोटोचं ओळखपत्र मिळू लागलं. आमच्या गल्लीत त्यासाठी फोटो काढणारी माणसं आली तेव्हा अम्मी जाऊन काही महिने झाले होते. मुस्लिम घरांतल्या त्या पिढीच्या कितीतरी बायका अशाच गेल्या. त्यांच्या हातचं जेवण लोकांना आठवतं, आवाज आठवतो, पण दाखवायला चेहरा नाही.

एक फोटो होता. अम्मी चौथीत असतानाचा, शाळेचा. तीन रांगा, पुढे जमिनीवर बसलेल्या मुली, आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून पाचवी अम्मी. अब्बांनी तो ट्रंकेत जपून ठेवला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या घरातही शिरलं. अब्बांना पुतण्यांनी खांद्यावर बसवून बाहेर काढलं. ट्रंक राहिली. पाणी उतरल्यावर उघडली तेव्हा सगळे कागद एकमेकांना चिकटून त्यांचा एक लगदा झालेला होता. जुन्या फोटोवरचा थर पाण्यात मऊ होतो आणि बोट लावलं की निघून येतो. आम्ही बोट लावलं. तेवढ्यानं दुसरी रांग गेली.

शाळेच्या कागदावर सातव्या चौकोनात मुलीनं दादीचं नाव लिहिलं आणि भोवती मेंदीची पानं काढली. शनिवारी कागद शाळेत गेला. शाळेचा प्रश्न तिथं संपला. पण तिनं विचारलेला प्रश्न माझ्यामागे लागला. दोन रात्री तो घेऊन झोपलो आणि तिसऱ्या रात्री मला कॅसेट आठवली.

मे १९९३ मध्ये आमच्या चाचाची शादी झाली. दादा तोवर अल्लाहला प्यारे झाले होते. चाचाच्या दोस्तांनी हट्टानं व्हिडिओ शूटिंगवाला आणला. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात हॅलोजनचा दिवा, आणि त्या दिव्याची लांबच लांब वायर सगळ्यांच्या पायांत. बायकांच्या बाजूला जायचं नाही, असं त्याला बजावलेलं होतं. पण बारात निघताना कॅमेरा सेहऱ्यावरून फिरत दरवाजाकडे गेला. दरवाजात बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यात अम्मी.

ती कॅसेट आम्ही भाड्यानं व्हीसीआर आणून पाहायचो. अम्मी गेल्यानंतर अब्बा एकटेच पाहायचे. दरवाजा आला की पॉज दाबायचे. जुन्या व्हीसीआरमध्ये पॉज केलं की चित्र थरथरायचं, मधूनच पांढरे पट्टे यायचे, आणि काही मिनिटांनी यंत्र स्वतःहून पॉज सोडायचं. टेप एका जागी घासली जाऊन खराब होऊ नये म्हणून तशी सोय केलेली असते. हे मला आता माहीत आहे. तेव्हा वाटायचं, यंत्रही अम्मीला थांबू देत नाही.

पुढे त्या कॅसेटला बुरशी लागली. पण सोलापूरच्या फुफूनं २००९ च्या सुमारास, बुरशी लागण्याआधी, एका स्टुडिओतून तिची डीव्हीडी करून घेतली होती. फुफूला फोन केला. "हाय ना, कपाटात हाय. देखता कौन अब?" ती म्हणाली. चार दिवसांत कुरिअर आलं.

इथून पुढचं थोडं तपशिलात लिहितो. तुमच्याही घरात अशी एखादी डीव्हीडी पडलेली असेल, आणि मी जिथं जिथं अडखळलो तिथं तुम्ही अडखळू नये असं वाटतं.

हल्लीच्या लॅपटॉपला डीव्हीडीचा खाना नसतो. यूएसबीनं जोडायचा एक ड्राइव्ह विकत आणला. आधी डीव्हीडीतल्या चार-पाच मोठ्या फायली जशाच्या तशा कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. हे पहिलं काम. मूळ चकती पुन्हा पुन्हा फिरवायची नाही. मग व्हिडिओ लावला. एक तास बावन्न मिनिटं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला दरवाजा आला. मी घड्याळ लावून मोजलं. अम्मी दिसते ते बरोबर चार सेकंद.

सुरुवातीला मी जे सगळे करतात तेच केलं. व्हिडिओ थांबवला आणि मोबाइलनं स्क्रीनचा फोटो काढला. त्यात अम्मीपेक्षा स्क्रीनवरचे आडवेतिडवे पट्टे जास्त दिसत होते. स्क्रीनचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर बसत नाहीत, त्यातून ही लहरींसारखी नक्षी उमटते. मग कीबोर्डवरचं प्रिंट स्क्रीन दाबून पाहिलं. त्यात व्हिडिओबरोबर खालची पट्टीही आली, आणि चित्र व्हिडिओच्या मूळ मापाचं नव्हे तर माझ्या स्क्रीनवर ताणलेल्या मापाचं.

नीट रस्ता व्हीएलसी प्लेयरमध्ये सापडला. हा प्लेयर फुकट मिळतो. व्हिडिओ चालू असताना शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबली की त्या क्षणाचं चित्र कॉम्प्युटरच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये जाऊन बसतं. नुसतं ई दाबलं की व्हिडिओ एकेका चित्रानं पुढे सरकतो. सेटिंगमध्ये चित्र पीएनजी म्हणून साठवायचं की जेपीजी म्हणून, हे निवडता येतं. पीएनजी निवडावं. जेपीजी फाईल लहान करण्यासाठी चित्रातला बारकावा थोडा टाकून देते. आपल्याकडे आधीच बारकावा कमी असताना तो टाकून देणं परवडत नाही.

पहिलं चित्र निघालं आणि मी दचकलो. अम्मीच्या चेहऱ्यावर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा होत्या. गाल दोन ठिकाणी, डोळे दोन ठिकाणी. व्हिडिओ चालू असताना यातलं काही दिसत नव्हतं.

कारण शोधलं तेव्हा एक गंमत कळली. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, पण त्यातलं एकही चित्र एका क्षणाचं नसतं. कॅमेरा आधी १, ३, ५, ७ अशा विषम ओळी टिपतो आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर २, ४, ६, ८ अशा सम ओळी. दोन्ही मिळून एक चित्र. मधल्या वेळात माणूस हलला तर विषम ओळींत तो एका जागी असतो आणि सम ओळींत दुसऱ्या जागी. म्हणजे जिला मी थांबवू पाहत होतो ती थांबवल्यावरही अर्धी इथं आणि अर्धी तिथं होती.

यावर उपाय आहे. त्याला डीइंटरलेस म्हणतात. सम आणि विषम ओळी वेगळ्या करायच्या आणि प्रत्येकातल्या गाळलेल्या ओळी शेजारच्या ओळींवरून भरून काढायच्या. व्हीएलसीत ही सोय व्हिडिओच्या मेनूत आहे. रेघा गेल्या. पण नेमका क्षण काही सापडेना. ई दाबून पुढे जाता यायचं, एक पाऊल मागे येता यायचं नाही. पाच सेकंद मागे जावं तर प्लेयर भलतीकडेच जाऊन बसायचा. डीव्हीडीत जागा वाचवण्यासाठी प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. अर्ध्या सेकंदाच्या आसपास एखादं पूर्ण चित्र असतं आणि मधली चित्रं म्हणजे आधीच्यापेक्षा काय बदललं याची नोंद. म्हणून प्लेयर एखाद्या पूर्ण चित्राशी जाऊन थांबतो. एमपीव्ही नावाचा आणखी एक फुकट प्लेयर आहे. त्यात स्वल्पविरामाच्या बटणानं एक चित्र मागे आणि पूर्णविरामाच्या बटणानं एक चित्र पुढे जाता येतं. त्यानं काम सोपं झालं.

तरीही एकेक क्षण पकडत बसण्यापेक्षा ते चार सेकंद सगळेच्या सगळे बाहेर काढावेत, असं ठरवलं. एफएफएमपेग नावाचं साधन त्यासाठी आहे. त्याला खिडक्या-बटणं नाहीत, एका ओळीत हुकूम लिहायचा असतो. कोणती फाईल, कुठून सुरुवात, किती सेकंद, ओळी वेगळ्या करायच्या का, आणि निघालेल्या चित्रांना क्रमांक कसे द्यायचे. विषम आणि सम ओळींचं स्वतंत्र चित्र करायला सांगितलं तर सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रं मिळतात. चार सेकंदांची २०० झाली.

रात्री दीड वाजता मी ती दोनशे चित्रं एकामागून एक पाहायला बसलो.

पहिल्या साठेक चित्रांत अम्मी बाजूला वळलेली आहे. तिच्या हातात मिसरीचं ताट आहे. तिच्या साडीला धरून एक पोरगा उभा आहे. त्याचं फक्त डोकं दिसतं. तो मी. मग कुणीतरी काहीतरी बोलतं आणि अम्मी हसत वळते. एकवीस चित्रांत तिचा चेहरा पूर्ण उघडा आहे, दिव्याच्या उजेडात, हसरा. एकवीस चित्रं म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. त्यानंतर तिला कॅमेरा दिसतो. हसू तसंच आहे, पण हात वर येऊ लागतो. पुढच्या तीसेक चित्रांत पदर हळूहळू चेहऱ्यावर येतो, आणि शेवटपर्यंत ती पदराआड आहे.

अब्बांनी व्हीसीआरवर पॉज करून जे पाहिलं ते सगळं थरथरतं होतं. तो हसरा चेहरा असा स्थिर आमच्यापैकी कुणीच कधी पाहिला नव्हता. मी बराच वेळ लॅपटॉपसमोर बसून राहिलो. फजरची अजान झाली तेव्हा भान आलं.

त्या एकवीसपैकी सगळ्यात स्वच्छ चित्र निवडून आपाला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. तिचा फोन लगेच आला. पहिलं वाक्य, "इतनी सूखी नै थी रे अम्मी."

मला राग आला. एवढी रात्र जागून काढलेलं चित्र, आणि ही खोट काढते. पण आपा बरोबर होती. त्या काळच्या व्हिडिओचं डिजिटल माप ७२० बाय ५७६ ठिपके असतं, पण ते ठिपके चौकोनी नसतात, जरा रुंद असतात. टीव्हीवर पाहताना यंत्र ते रुंद करून दाखवतं. नुसतं चित्र बाहेर काढलं तर कॉम्प्युटर प्रत्येक ठिपका चौकोनी धरतो आणि माणसं बारीक होतात. ७२० ची रुंदी ७६८ केली आणि अम्मीचे गाल परत आले. आपाला हे आकडे माहीत नव्हते. तिला अम्मी माहीत होती.

मग चित्र आणखी स्वच्छ करण्याचा नाद लागला. व्हीएचएस टेपवर मुळात बारकावा कमी. आडव्या दिशेत साधारण २४० रेषा वेगळ्या दिसतील, एवढीच तिची ताकद. त्यात भर म्हणून सगळीकडे मुंग्या चालल्यासारखा खरखराट. एक जुनी युक्ती वाचली होती. हा खरखराट प्रत्येक चित्रात वेगळा असतो, पण चेहरा तोच असतो. म्हणून माणूस जवळपास स्थिर असतानाची काही चित्रं एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली तर खरखराट एकमेकांना खोडतो आणि चेहरा राहतो. चार चित्रांनी तो निम्मा होतो, नऊ चित्रांनी एक तृतीयांश. हसतानाची नऊ चित्रं मिळाली. डोकं किंचित हललेलं होतं, ते हातानं जुळवून घ्यावं लागलं. निकाल धूसरच आला, पण शांत आला. मुंग्या गेल्या.

आपाच्या मुलाला मामाची ही मेहनत पाहून हसू आलं. त्यानं मोबाइलवरच्या कुठल्यातरी एआय अॅपमध्ये तो फोटो टाकला आणि दहा सेकंदांत परत पाठवला. मी पाहतच राहिलो. पापण्यांचे केस वेगवेगळे दिसत होते. दात मोजता येत होते. त्वचा काचेसारखी. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी माशाअल्लाह लिहिलं.

त्याच संध्याकाळी आपाचा पुन्हा फोन आला. या वेळी तिचा आवाज वेगळा होता.

"एक बात पूछूँ? अम्मीनं पदर का घेतला?"

"कॅमेरा दिसला म्हणून."

"म्हणजे तिला नको होतं. आणि तू त्याच्या आधीचंच शोधून काढलंस."

मी गप्प राहिलो. ती पुढे म्हणाली, व्हिडिओ पाहणं वेगळं आहे. त्यात अम्मी येते आणि जाते. तू तिला धरून ठेवलंस आणि ग्रुपवर पाठवलंस. त्या ग्रुपवर चाचाचे जावई आहेत, ज्यांना अम्मीनं कधी पाहिलंही नव्हतं.

आपा काही आलिमा नाही. पण तिनं साध्या बोलीत जे म्हटलं त्यावर आपल्या उलेमांनी खूप विचार केलेला आहे. तसवीर बनवण्याबद्दल हदीसमध्ये कडक शब्द आहेत. कॅमेरा आला तेव्हा प्रश्न पडला की फोटो ही तसवीर की आरशातलं प्रतिबिंब? इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातच म्हटलं की फोटोत माणूस काही घडवत नाही, पडलेली सावली फक्त रोखून ठेवतो. त्यामुळे त्यांनी तो जायज मानला. आपल्या उपखंडातल्या अनेक देवबंदी उलेमांनी हे मान्य केलं नाही. गरजेपुरता फोटो चालेल, एरवी नाही, असं त्यांचं मत. मग व्हिडिओ आला. तेव्हा पाकिस्तानचे मुफ्ती तकी उस्मानी यांनी एक फरक मांडला. पडद्यावरचं चित्र स्थिर नसतं, त्यामुळे ते तसवीरपेक्षा सावलीच्या जवळ आहे. पण तेच कागदावर छापलं, टिकाऊ केलं, की गोष्ट बदलते. यावरही सगळ्यांचं एकमत नाही. कोण बरोबर हे ठरवण्याचा अधिकार मला नाही आणि मी फतवा द्यायला बसलेलोही नाही. पण हे वाचताना मला जाणवलं की ज्या रेषेबद्दल एवढे मोठे लोक वाद घालतात, ती रेषा मी शिफ्ट आणि एस दाबून सहज ओलांडली होती, आणि तेव्हा मनात फक्त रेघा कशा घालवायच्या हाच विचार होता.

मसल्याच्याही आधीचा प्रश्न अम्मीचा होता. तिनं हात वर केला होता. आपल्याकडे बाईच्या इच्छेबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, बुरख्याच्या बाजूनं बोलणारे आणि विरोधात बोलणारेही. इथं एका बाईनं स्वतः, कुणी न सांगता, हसत हसत आपलं मत दिलेलं होतं आणि ते टेपवर नोंदलेलं होतं. दुसऱ्या बाजूला एक सात वर्षांचा मुलगा होता, ज्याला आपल्या आईचा चेहरा आठवत नाही. त्याचाही काही हक्क असेल की नाही? मला दोन्हीपैकी एकही बाजू खोटी वाटत नव्हती.

ग्रुपवरचे फोटो मी काढून टाकले. कुणी विचारलं तर अब्बांना आधी दाखवायचे आहेत, असं सांगितलं. ते खरंही होतं.

पुढच्या रविवारी पुण्याहून सांगलीला गेलो. जाण्याआधी फोटोच्या दुकानातून चार चित्रं छापून घेतली. मूळ चित्रात अम्मीचा चेहरा जेमतेम नव्वद ठिपके रुंद आहे. मोठा करावा तितका तो फुटत जातो. दुकानदारानं समजावून सांगितलं की पासपोर्टच्या मापाचा ठेवा, लांबून बरा दिसेल. चार चित्रं अशी होती. नऊ चित्रांची सरासरी काढलेला हसरा चेहरा, एआयनं उजळलेला तोच चेहरा, बाजूला वळलेली अम्मी, आणि हात अर्धा वर आलेला, पदरानं हनुवटी झाकलेली, डोळे थेट कॅमेऱ्याकडे.

अब्बा आता पंचाहत्तरचे आहेत. उर्दू शाळेत मास्तर होते. कागद हातात घेतला की चष्मा वर सरकवून अगदी नाकाजवळ धरून वाचतात. आपाही आली होती. मी चारही फोटो त्यांच्यासमोर चादरीवर ठेवले, काही न सांगता.

त्यांनी पहिल्यांदा एआयचा फोटो उचलला, कारण तोच सगळ्यात स्वच्छ होता. बराच वेळ पाहिला. "ये कौन है रे?"

आपानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अम्मी, अब्बा. मशीननं साफ केलंय."

"नै," ते म्हणाले आणि फोटो खाली ठेवला. "किसीकी और की होगी."

नंतर मी शांतपणे दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कळलं. त्या अॅपनं काहीही साफ केलेलं नव्हतं. नव्वद ठिपक्यांत पापण्या नसतातच. मग त्या आल्या कुठून? अॅपनं आधी पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांवरून अंदाज करून नवे डोळे, नवे दात बसवले होते. सरासरी काढताना मी निदान जे टेपवर होतं तेच वापरलं. अॅपनं नसलेलं भरलं. माझ्या मुलीनं तो फोटो पाहिला असता तर ती आयुष्यभर एका अनोळखी बाईला दादी समजली असती, आणि अब्बा नसते तर मीसुद्धा.

हसऱ्या चेहऱ्याचा फोटो अब्बांनी हातात घेतला, मान हलवली आणि ठेवला. मग चौथा. पदरवाला. चष्मा वर सरकवला.

"हां. येच है." ते हसले. "बाजारात कुणी ओळखीचं दिसलं की अशीच करायची. पदर घ्यायची आणि वरून बघायची, कोण आहे ते."

आपा उठून आत चहा टाकायला गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. डोळे पुसलेले दिसत होते. म्हणाली, "हा ठेवू या. यात तिनंच काय ते ठरवलंय."

अब्बांनी विचारलं, व्हिडिओ आणलायस का? लॅपटॉप आणला होता. लावला. त्यांनी दरवाजाचे ते चार सेकंद पाहिले आणि म्हणाले, पुन्हा लाव. मी सहा-सात वेळा लावले. मी विचारलं, पॉज करू का? ते म्हणाले, "नको. चलने दे."

तो फोटो भिंतीवर लावलेला नाही. अब्बा त्याच खोलीत नमाज पढतात. त्यांच्या पेन्शनच्या कागदांची प्लास्टिकची फाईल आहे, पुरानंतर त्यांनी सगळे महत्त्वाचे कागद तिच्यात ठेवायला सुरुवात केली. तो तिच्यात आहे. दोनशे चित्रांतली बाकीची मी पुसलेली नाहीत. पण ती कुणाला पाठवतही नाही. हसरा चेहरा माझ्याकडे आहे. त्याबद्दल आपाचं आणि माझं अजून पूर्ण एकमत झालेलं नाही. ती मला तो पुसायला सांगत नाही, मी तिला तो पाहायला सांगत नाही. एवढ्यावर आम्ही थांबलो आहोत.

मुलीला पदराचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "दादी लपतेय का?"

"लपत नाहीये. बघतेय."

"कुणाला?"

व्हिडिओत ती शूटिंगवाल्याकडे बघत होती. पण मी तसं सांगितलं नाही. म्हणालो, "जो तिच्याकडे बघेल त्याला."

शेवटी एक विनंती. तुमच्याकडे शादीच्या, अकीकाच्या, जलशांच्या जुन्या कॅसेट असतील तर या पावसाळ्याची वाट पाहू नका. बुरशी लागण्याआधी त्या उतरवून घ्या. मूळ फाईल दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. आमची वाचली ती सांगलीत नव्हती म्हणून. कोणत्या मिनिटाला कोण दिसतं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एका वहीत लिहून काढा, कारण चेहरा टेपवर राहील, पण तो कुणाचा हे सांगणारी माणसं फार दिवस राहणार नाहीत. आणि चित्र काढण्याआधी त्या माणसाचा हात कुठं आहे, तेवढं पाहा.